रोपाची शिदोरी, आपली चटणी

जवसाचा दाणा चिमटीत धरायला जा, तो निसटतो. तपकिरी, चकचकीत, एका टोकाला निमुळता, लांबीला जेमतेम चार-पाच मिलिमीटर. दातांखालीही तो सहज येत नाही. भाकरीवर अख्खे जवस पसरून खाल्ले, तर त्यातले बरेचसे न चावताच गिळले जातात. आणि गिळलेल्या दाण्याचं पोटात काय होतं? पुष्कळदा काहीच होत नाही. जठरातलं आम्ल त्याच्या टणक सालीपुढे हतबल ठरतं, पाचक रस वरून वाहून जातात, आणि दाणा सगळा प्रवास करून जवळपास होता तसाच बाहेर पडतो. ज्या ओमेगा-३ साठी आपण तो खाल्ला, ते त्याच्याच पोटात सुखरूप राहतं.

या गोष्टीचं मला फार नवल वाटतं. एवढीशी बी, पण माणसाची अख्खी पचनसंस्था ती पार करून जाते. याचं कारण उघड आहे. बी खाण्यासाठी जन्मलेलीच नसते, ती उगवण्यासाठी जन्मलेली असते. प्रत्येक दाण्यात एक जिवंत रोप निजलेलं असतं: इवलंसं मूळ, इवलासा कोंब, दोन बीजपत्रं. त्याला एक दिवस मातीत, अंधारात, कुणाच्याही मदतीवाचून उभं राहायचं आहे. तोवर पुरेल एवढी शिदोरी झाड त्याच्यासोबत बांधून देतं आणि वर घट्ट सालीचं आवरण घालतं. आपण ज्याला बियांचं पोषणमूल्य म्हणतो, ती सगळी ही शिदोरी आहे. ती दुसऱ्याची आहे एवढं लक्षात ठेवलं, की बिया कशा खाव्यात हे फारसं पाठ करावं लागत नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी जवस भाजून कुटले, अळीव भिजवले, मटकीला मोड आणले, ते का, हेही आपसूक समजत जातं.

आता ही शिदोरी सोडून पाहू.

पहिली गोष्ट म्हणजे तिच्यात पाणी जवळजवळ नाही. आपल्या शरीराच्या वजनात साठ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. सुकलेल्या तिळात पाच टक्के उरतं. आपण त्याच्या कितीतरी आधी मरून जाऊ. बी मात्र या कोरडेपणातच टिकते. आतले सगळे व्यवहार इतके मंदावतात, की काळ तिच्यासाठी थांबल्यासारखा होतो. इस्राएलमधल्या मसादा किल्ल्याच्या उत्खननात खजुराच्या बिया सापडल्या होत्या, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या. त्यातली एक २००५ साली पेरली, आणि ती उगवली. रोमन साम्राज्य आलं आणि गेलं, तेवढा वेळ ते रोप वाट पाहत होतं.

दुसरी गोष्ट तेल. लहान बीला जागा कमी, म्हणून थोड्या जागेत जास्त ऊर्जा भरायची, तर तेलासारखा पदार्थ नाही. एक ग्रॅम पिठूळ पदार्थातून चार कॅलरी मिळतात, एक ग्रॅम तेलातून नऊ. तिळाचं निम्मं वजन तेलाचं असतं, जवसाचं चाळीस टक्क्यांच्या आसपास, कारळ्याचं तिसरा हिस्सा किंवा थोडं अधिक. हे तेल दाण्यात एकत्र साचलेलं नसतं. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे त्याचे थेंब असतात आणि प्रत्येक थेंबाभोवती प्रथिनाचं पातळ आवरण असतं. त्यामुळे बी कितीही सुकली तरी थेंब एकमेकांत मिसळत नाहीत.

पुढचा भाग मला सगळ्यात विलक्षण वाटतो. उगवत्या रोपाला भिंती उभारायला, मुळं लांबवायला साखर लागते, आणि शिदोरीत तर बहुतेक तेल. मग ते तेलाचीच साखर करतं. आपल्या शरीराला साखरेची चरबी करता येते, पण चरबीतल्या स्निग्धाम्लांपासून साखर करण्याची वाट आपल्याला बंद आहे. बीला ती उघडी आहे. १९५७ मध्ये हान्स कॉर्नबर्ग आणि हॅरी बीव्हर्स या शास्त्रज्ञांनी ही वाट कशी चालते ते दाखवलं, आणि त्यासाठी त्यांनी अभ्यास केला तो एरंडाच्या रुजत्या बियांचा. आपल्या गावाबाहेर उकिरड्यावर आपोआप वाढणारा एरंड जे करतो, ते आपल्या यकृताला जमत नाही.

तेलाला एक शत्रू असतो, हवेतला ऑक्सिजन. तो लागला की तेल खवट होतं, आणि तेल खवट झालं की आतलं रोप मरतं. म्हणून झाड तेलासोबत ई जीवनसत्त्वही बांधून देतं. ते ऑक्सिजनचा मारा स्वतःवर घेतं आणि तेल वाचवतं. प्रयोगशाळेत ई जीवनसत्त्व न बनवणारी रोपं तयार झाली, तेव्हा त्यांच्या बिया साठवणीत लवकर निकामी झाल्या. सूर्यफुलाच्या बियांच्या पाकिटावर ई जीवनसत्त्वाचा उल्लेख ठळक असतो. आपल्या त्वचेच्या कितीतरी आधी ते त्या बीच्या गरजेचं होतं.

आणि खनिजं. रोपाला फॉस्फरस हवा, लोह हवं, जस्त हवं. फॉस्फरस फायटिक आम्लाच्या रूपात साठवलेला असतो, आणि हे आम्ल लोह-जस्ताला घट्ट धरून ठेवतं. बी भिजली, जागी झाली, की तिच्यातलं फायटेज नावाचं विकर कामाला लागतं आणि ही पकड सुटते. आपल्या आतड्यात हे विकर नसल्यातच जमा आहे. म्हणजे लोहाचा आकडा तक्त्यात मोठा दिसला तरी ते सगळं रक्तात उतरत नाही. मोड आणणं, भिजवणं, वरून लिंबू पिळणं हे उपाय इथेच उपयोगी पडतात. लिंबातलं सी जीवनसत्त्व वनस्पतींतलं लोह शोषायला मदत करतं.

आता जवसाकडे परत येतो, कारण या सगळ्या बियांत त्याची गोष्ट सगळ्यात लांब आणि रंगतदार आहे.

जवस हे रब्बीचं पीक. विदर्भात ते जुन्या काळापासून घेतलं जातं. पूर्व विदर्भात काही शेतकरी भात कापायच्या आधी उभ्या पिकातच त्याचं बी फेकतात, आणि उरलेल्या ओलीवर ते वाढतं. फुलं निळी, नाजूक. सकाळी उमलतात, दुपारपर्यंत पाकळ्या गळूनही जातात. त्याच झाडाच्या खोडातून लिननचा धागा निघतो, ज्यात इजिप्तच्या ममी गुंडाळल्या आहेत. आणि दाण्यातल्या तेलात निम्म्याहून जास्त भाग असतो अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा, म्हणजे वनस्पतींतल्या ओमेगा-३ चा.

हे आम्ल तिथे का आहे? स्निग्धाम्लं कुठल्या तापमानाला गोठतात ते पाहा. प्राण्यांच्या चरबीत भरपूर असणारं स्टिअरिक आम्ल ६९ अंश सेल्सिअसपर्यंत घट्ट राहतं. जवसातलं हे आम्ल उणे ११ अंशांपर्यंत पातळ असतं. थंडीत उगवणाऱ्या रोपाला गोठलेलं तेल काय कामाचं? ते वाहतं हवं. थंड प्रदेशांतल्या वनस्पतींच्या बियांत पातळ राहणारी तेलं जास्त आढळतात, ती बहुधा याच कारणाने. थंडीसाठी केलेली ही तरतूद आज हृदयाच्या आरोग्यासाठी चमचा-चमचा मोजून खाल्ली जाते.

पण या पातळपणाची किंमत असते. त्या रेणूत तीन ठिकाणी दुहेरी बंध असतात, आणि ऑक्सिजन नेमका तिथेच धरतो. जवसाचं तेल पातळ थर करून हवेत ठेवलं तर काही दिवसांत त्याचा चिवट, कोरडा पापुद्रा होतो. चित्रकारांनी शतकानुशतकं याच गुणाचा उपयोग केला. तैलचित्रांच्या रंगात मिसळलेलं तेल बहुतेकदा जवसाचंच असतं. ते वाळत नाही, तर हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. क्रिकेटच्या बॅटला चोळतात तेही हेच. या तेलात भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकून दिला, तर या प्रक्रियेच्या उष्णतेने तो आपोआप पेटूही शकतो.

संग्रहालयातलं चित्र टिकवणारी ही क्रिया आपल्या बरणीत मात्र नको असते. अख्ख्या दाण्यात तेल सालीआड, ई जीवनसत्त्वाच्या पहाऱ्यात असतं. तो महिनोन् महिने चांगला राहतो. पूड केली की तेलाला हवा लागते आणि घड्याळ सुरू होतं. अख्खा खाल्ला तर पचत नाही, कुटून ठेवला तर बिघडतो. यातून वाट कशी काढायची?

विदर्भ-मराठवाड्यातल्या, सोलापूरकडच्या घरांनी ती कधीच काढली आहे: जवसाची चटणी. कढई मंद आचेवर ठेवायची, जवस तडतडू लागेपर्यंत परतायचे. साल ठिसूळ होते, उरलंसुरलं पाणी उडतं. गार झाले की लसूण, जिरं, लाल तिखट, मीठ घालून कुटायचे, आणि आठवड्या-दोन आठवड्यांत संपेल एवढीच चटणी करायची. भाजण्याचा आणखी एक फायदा आहे. कच्च्या जवसात किडीला परतवण्यासाठी सायनाइड सोडू शकणारी संयुगं थोड्या प्रमाणात असतात, भाजल्यावर त्यांचा जोर कमी होतो. रोज चमचा-दोन चमचे खाणाऱ्याला त्यांची भीती नाही, पण वाटीवाटीने कच्ची पूड खाऊ नये ती यासाठी. ज्वारीच्या भाकरीवर ही चटणी, मधे खळगा करून त्यात तेल किंवा दही. या घासात ओमेगा-३ आहे हे माहीत नसतानाही तो चवीसाठी पिढ्यान् पिढ्या खाल्ला गेला, हे मला त्या चटणीचं सगळ्यात मोठं प्रमाणपत्र वाटतं.

एक मोठा चमचा जवसाची पूड, म्हणजे सुमारे सात ग्रॅम, घेतली तर दीड ग्रॅमच्या आसपास हे ओमेगा-३ मिळतं. मोठ्या माणसाची दिवसाची या प्रकारच्या ओमेगा-३ ची गरज साधारण तेवढीच मानतात. मात्र एक खरं सांगायला हवं. माशांत असतं ते ओमेगा-३ वेगळ्या, लांब साखळीचं असतं. जवसातल्या ओमेगा-३ पासून आपलं शरीर ते बनवतं, पण फार थोडं. त्यामुळे जवस म्हणजे शाकाहाऱ्यांचा बांगडा, असं कुणी म्हणालं तर ते अर्धंच खरं.

जवसात आणखी एक वर्ग भरपूर असतो, लिग्नान नावाच्या संयुगांचा. खाण्याच्या नेहमीच्या पदार्थांत एवढे लिग्नान क्वचितच सापडतात. आपल्या आतड्यातले जिवाणू त्यांच्यावर काम करून त्यांची नवी संयुगं बनवतात, मग ती रक्तात जातात. १९८० च्या सुमारास माणसाच्या लघवीत ही संयुगं सापडली तेव्हा ती शरीरातच बनत असावीत असं वाटलं होतं. पुढे उलगडा झाला, की कच्चा माल वनस्पतीचा आणि कारागीर जिवाणू. म्हणजे एक चमचा चटणी खाताना जेवणारे आपण एकटे नसतो.

आता एका ताटलीत थोडं पाणी घ्या आणि त्यात चिमूटभर अळीव टाका. काही घरांत यांना हळीव म्हणतात. लालसर, बारीक, कोरडे दाणे. मिनिटभरात प्रत्येकाभोवती पारदर्शक कडं उमटायला लागतं, आणि थोड्या वेळाने सगळे दाणे बुळबुळीत गरात अडकून बसतात. भिंग असेल तर जरूर पाहा, मुलांना दाखवा. सालीच्या बाहेरच्या पेशींत पेक्टिनच्या जातीचा डिंक कोंबून भरलेला असतो. पाणी लागताच तो फुगतो, पेशीची भिंत फोडतो आणि बाहेर येतो.

रानात या डिंकाची कामं अनेक. पावसाच्या पहिल्या शिडकाव्याला बी मातीला चिकटते, वाहून जात नाही. मुंग्यांना ती उचलून नेणं अवघड होतं. आणि रुजायला लागणारा ओलावा तिच्याभोवती धरून ठेवला जातो. सब्जा, चिया, जवस, इसबगोल, सगळ्यांनी ही युक्ती साधली आहे, आणि नवल म्हणजे यांतले बरेचसे एकमेकांचे जवळचे नातलगही नाहीत. अळीव मोहरीच्या कुळातला, सब्जा तुळशीच्या, जवसाचं कूळ तिसरंच. वेगवेगळ्या घराण्यांत तीच कल्पना पुन्हा पुन्हा जन्माला आली.

आपल्या पोटातही डिंकाचा स्वभाव बदलत नाही. तो पाणी धरून ठेवतो, अन्न जठरातून सावकाश पुढे सरकू देतो, त्यामुळे जेवणानंतर रक्तातली साखर एकदम उसळत नाही. पुढे मोठ्या आतड्यात तो मळ मऊ करतो. मात्र त्याला पाणी बाहेरच द्यायचं, पोटात गेल्यावर नव्हे. कोरडा सब्जा किंवा चिया चमचाभर गिळून वर पाणी पिणं धोक्याचं आहे. बिया अन्ननलिकेतच फुगून अडकू शकतात.

कोकणात अळीव नारळाच्या पाण्यात भिजवतात, फुगले की ओलं खोबरं आणि गूळ घालून शिजवतात, जायफळ-वेलची लावतात आणि लाडू वळतात. बाळंतिणीसाठी. लोह आणि प्रथिनं बीत, ऊर्जा गूळ-खोबऱ्यात, आणि बाळंतपणानंतर हमखास त्रास देणाऱ्या बद्धकोष्ठावर उपाय डिंकात. गरोदरपणात मात्र हे लाडू टाळायची आपल्याकडे रीत आहे, ती पाळावी. ज्यांना लाडूचा खटाटोप नको, त्यांनी ओल्या कापसावर अळीव पसरावेत. दिवसभरात पांढरी मुळं दिसतात, पाच-सहा दिवसांत हिरवी पानं. कोशिंबिरीवर कात्रीने कापून घाला, मोहरीच्या कुळाचा झणका जिभेला लगेच कळतो. रुजण्याचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळांचं हे लाडकं बी आहे ते या झपाट्यामुळेच.

तिळाबद्दल लिहायचं तर मन आधी संक्रांतीकडे जातं, पण त्याचं वय सणांहून मोठं आहे. हडप्पाच्या उत्खननात चार हजार वर्षांहून जुने, जळून काळे पडलेले तीळ मिळाले आहेत. तिळाच्या रानटी पूर्वजाचा शोध घेत जाणारे भारताच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत येऊन पोहोचतात. म्हणजे हे बी जगाने आपल्याकडून घेतलं.

तिळात कॅल्शियम खूप असतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. सालीसकट तिळात १०० ग्रॅमला हजार मिलिग्रॅमच्या आसपास, दुधाच्या कितीतरी पट. पण शिदोरी कुठे ठेवली आहे हे इथेही पाहायला हवं. या कॅल्शियमचा मोठा भाग सालीत असतो आणि तोही ऑक्झलेटच्या स्फटिकांच्या रूपात, जे आपल्याला नीट शोषता येत नाहीत. साल काढलेल्या पांढऱ्याशुभ्र तिळात आकडा एकदम खाली येतो. म्हणून तीळ जरूर खावेत, पण त्यांच्या भरवशावर दूध-दही, नाचणी, पालेभाज्या सोडू नयेत. तिळाचा खरा चमत्कार मला वेगळाच वाटतो. तिळाचं तेल सहसा लवकर खवट होत नाही. त्यात सेसॅमोलिन नावाचं संयुग असतं. उष्णता मिळाली की त्यापासून सेसॅमॉल तयार होतं, आणि ते तेलाचं ऑक्सिजनपासून रक्षण करतं. म्हणजे तीळ खमंग भाजले की चव खुलते आणि राखणही वाढते. तिळकूट भाजीवर, कोशिंबिरीवर, पंचामृतात, भरल्या वांग्याच्या मसाल्यात. भोगीच्या बाजरीच्या भाकरीवर थापलेले तीळ तर वर्षभर थापायला हरकत नाही.

कारळे मात्र उगाच मागे पडले आहेत. काळे, सडपातळ, चमकदार दाणे, नगर-नाशिककडे ज्यांना खुरासणी म्हणतात. मूळ गाव इथियोपियाचं पठार. आपल्याकडे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीत, जिथे दुसरं पीक धड येत नाही, तिथे आदिवासी शेतकरी ते घेतात; अकोले-भंडारदऱ्याकडे पावसाळा सरता सरता शेतं पिवळी होतात ती याच्या फुलांनी. या फुलाला स्वतःचे पराग चालत नाहीत, शेजारच्या झाडाचेच लागतात, म्हणून मधमाश्यांवाचून दाणा भरत नाही. आणि भारतातून हे दाणे अमेरिकेत जातात, अंगणात येणाऱ्या पिवळ्या फिंच पक्ष्यांसाठी! तिथे तणाचं बी शिरू नये म्हणून ते आधी तापवतात. सुकं खोबरं, लसूण आणि तिखट घालून केलेली कारळ्याची चटणी ज्याने खाल्ली आहे, त्याला त्या पक्ष्यांच्या आवडीचं कौतुकच वाटेल.

चियाविषयी फार लिहीत नाही. मेक्सिकोचं हे गुणी धान्य आहे, ओमेगा-३ भरपूर, डिंक भरपूर, आणि साल पातळ. परवडत असेल तर खावं. पण ते महाग पडतं म्हणून कुणी हळहळत असेल, तर त्याने किराणा दुकानातून पावशेर जवस आणावेत. काहीही गमावलं जाणार नाही.

किती खावं, याचं उत्तर साधं आहे. सगळ्या बिया मिळून दिवसाला एक ते दोन मोठे चमचे. १०० ग्रॅम जवसात किंवा तिळात साडेपाचशेच्या आसपास कॅलरी असतात. ही शिदोरी दाट आहे, म्हणून थोडी पुरते. ज्यांना सवय नाही त्यांनी अर्ध्या चमच्यापासून सुरुवात करावी आणि पाणी वाढवावं, नाहीतर एवढा तंतू पोट फुगवतो. सगळ्या बिया एकाच बरणीत मिसळून ठेवण्याचा अलीकडे प्रघात पडला आहे, तो मला पटत नाही. जवसाला कुटायला हवं, सब्जाला भिजवायला, तिळाला भाजायला. प्रत्येकीची साल वेगळी, तर वागवणंही वेगळं. त्यापेक्षा आज चटणी, उद्या तिळकूट, परवा अळिवाची खीर असं फिरतं ठेवावं. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर जवस रोज खाण्याआधी डॉक्टरांना विचारावं, औषधाची गोळी आणि भिजवलेल्या बिया यांत एक-दोन तासांचं अंतर ठेवावं, आणि घरात कुणाला तिळाची ॲलर्जी असेल तर ती हलक्यात घेऊ नये. जवस अख्खे आणून बंद डब्यात ठेवावेत, लागतील तसे भाजावेत, कुटलेली चटणी फ्रिजमध्ये ठेवावी. चटणीला तैलरंगाचा वास यायला लागला तर ऑक्सिजनने आपलं काम केलं असं समजावं आणि ताजी करावी. दहा मिनिटांचं तर काम आहे.